आमच्या आळीचं वाण

कुंदे, तुझं सुतक मला नाही. तू माझ्या भावकीतली नव्हेस, नात्यातली नव्हेस. तू मिरकरवाड्याच्या बाजारात मासे विकणारी आणि मी वरच्या आळीत ब्लाउज शिवणारी. तुला नेलं त्या दिवशी आमच्या ह्यांनी सांगितलं, आंघोळ कर, झालं, आपल्याला काही पाळायचं नाही. तिसऱ्या दिवशी मी मशीनवर बसले. पाय चालत होता, पण ब्लाउजच्या बाह्या उलट्या जोडल्या गेल्या. एकीच्या नाही, दोघींच्या. मग उसवत बसले आणि उसवता उसवता तुझ्यावरच चिडले. एवढ्या वर्षांची ओळख, निदान दहा दिवसांचं सुतक तरी माझ्या वाट्याला ठेवायचं होतंस. मला रडायला कारण नव्हतं असं नाही, सवड नव्हती.

आज तुला जाऊन महिना आणि चार दिवस झाले. काल माझ्याकडचं संक्रांतीचं हळदीकुंकू झालं. ते तुला सांगायला बसले आहे. पण तिथे पोचायच्या आधी मला एक कबूल करायचं आहे. ज्या हळदीकुंकवाचं वाण तू बारा वर्षं माझ्या दारात आणून ठेवलंस, त्या हळदीकुंकवाला मी तुला एकदाही बोलावलं नाही. तुझा नवरा गेलेला, म्हणून. तू कधी बोलली नाहीस आणि मी कधी माफी मागितली नाही. आता मागून काय उपयोग, असं तू म्हणशील. म्हण. तुझं ऐकून मी कधी गप्प बसले होते?

तू डोक्यावर पाटी घेऊन पूल ओलांडून भाट्याला जायला लागलीस ते तुझा नवरा, होडीवरचा तांडेल, गेल्यावर. महेश तेव्हा सातवीत होता. बाजारात बसायची जागा मिळेपर्यंत दारोदार फिरायचीस. तिथे रस्त्याला लागून नारळाच्या जुन्या वखारीत नलिनीबाईंची कार्यशाळा होती. नलिनीबाई शाळेतून रिटायर झालेल्या मास्तरीण. कुणाला ऐकू येत नाही, कुणाला उशिरा समजतं, अशी वीस-पंचवीस वर्षांची मोठी झालेली माणसं त्यांनी तिथे गोळा केली होती. शाळा संपली की ही माणसं घरात कोपऱ्यात बसून राहतात, म्हणून त्यांना काम शिकवलं. करवंटी घासायची, तासायची, बांबूचा दांडा बसवायचा, की झाली पळी. काम इतकं सुबक की बघत राहावं. आणि पळ्यांनी कपाट भरलेलं.

ते कपाट बघून तू सरळ माझ्याकडे आलीस. मासे विकून झाले होते, पाटी दारात ठेवलीस आणि पायरीवर बसून चहा मागितलास. लोक येतात, छान छान म्हणतात, फोटो काढतात आणि जुने कपडे देऊन जातात, पळी मात्र कुणी घेत नाही, असं तू सांगत होतीस. मी म्हटलं, मग देणग्या मागाव्यात त्यांनी, एवढं चांगलं काम आहे. तू कप खाली ठेवलास.

"ती माणसं दिवसभर काम करतात गो शैला. काम करणाऱ्याला देणगी कशाला? गिऱ्हाईक आणून दे."

हे तुझं पहिलं वाक्य मला शब्दन् शब्द आठवतं, कारण मी त्यावर मनापासून हसले होते. मासेवाली आणि लोकांना धंदा शिकवणार.

पण तू शिकवलास. बाजारात तुला जागा मिळाली तशी तू रोज घरून डब्यातून कालवण आणायला लागलीस आणि त्यात ती पळी. गिऱ्हाईक बांगड्याचा भाव करत उभं असायचं आणि तू त्याच्या हातावर पळीभर कालवण ओतायचीस. आंबट कालवण पितळेच्या पळीने ढवळलं तर कळकतं, स्टीलची पळी टोपात राहिली तर हात भाजतो, करवंटीला दोन्हीचं भय नाही. हे सगळं तू एका दमात सांगायचीस. तुझ्या शेजारी बसणारी सुंदरामावशी मला म्हणायची, ही मासे विकायला बसलीय की पळ्या, हेच गिऱ्हाइकाला कळत नाय. तिचं धंद्याचं गणित वेगळं होतं. तिचाही नवरा गेलेला, तीन मुली पदरात, तिला असले उद्योग परवडणारे नव्हते. तरी तुझी पाटी ती राखायची.

मग करवंट्यांचं आलं. कार्यशाळेला खानावळीतून करवंट्या मिळायच्या, त्या निम्म्या तडकलेल्या. तू म्हणालीस, रत्नागिरीत घरोघर रोज नारळ फुटतो आणि ही माणसं करवंटीला महाग. नारळाची दोन भकलं होतात. एकाला डोळे असतात, त्याची पळी होत नाही, गळते. दुसरं बिनडोळ्यांचं, ते अख्खं राहिलं पाहिजे. आम्ही दोन्ही बंबात घालत होतो. तू प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायला लागलीस, आठवड्याला एक बिनडोळ्यांची करवंटी मला काढून ठेव, दुसरं काही नको. आणि नुसतं तेवढ्यावर थांबलीस का? नारळ कसा फोडायचा तेही शिकवलंस. हातात फिरवत फिरवत मधोमध कोयत्याच्या पाठीने टोला हाणायचा, दगडावर आपटायचा नाही. खवताना कड उडवायची नाही. मी चाळीस वर्षं नारळ फोडते आहे, मला शिकवतेस, असं म्हणून मी तुझ्याशी भांडले. दुसऱ्या दिवशी गुपचूप तुझ्यासारखा फोडला. सरळ दोन वाट्या झाल्या.

आमच्या आळीत नारळ फोडायची पद्धत तू बदललीस, कुंदे. माझ्या सासूबाई कुणाचं ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या, त्यासुद्धा नंतर नारळ फिरवून फोडायच्या आणि चांगलं भकल खिडकीत उपडं घालायच्या. "कुंदासाठी," म्हणायच्या. एक करवंटी म्हणजे काय? चुलीत गेली तर दोन मिनिटं जळत नाही. ती बाजूला काढून ठेवणं एवढंच तू प्रत्येकीकडे मागितलंस आणि प्रत्येकीला वाटायला लागलं की तिच्यावाचून कार्यशाळा अडेल. मोठं मागितलं असतंस तर दोघी-तिघींनी दिलं असतं आणि बाकीच्यांनी तोंडं फिरवली असती. तुझी ही अक्कल मला फार उशिरा कळली.

वाणाची कल्पना तुझीच. पौष लागला होता, तू महेशच्या शाळेच्या शर्टाची बटणं लावून घ्यायला आली होतीस. माझ्याकडे संक्रांतीचं वाण म्हणून लुटायला आणलेल्या प्लास्टिकच्या गाळण्या पडल्या होत्या. त्या बघून तू विचारलंस, ह्या होळीपर्यंत तरी टिकतात का? मी म्हटलं, वाण टिकायला कोण बघतंय, द्यायचं म्हणून द्यायचं. मग पळ्या का देत नाहीस, असं तू विचारलंस. मी जीभ चावली. "अगो, सणासुदीला सवाष्णींच्या हातात करवंटी देऊ? बायका काय म्हणतील, शैलाने आम्हाला भिकेला लावलं?"

तू बटण दातात धरून बसली होतीस, ते काढलंस.

"त्या पोरांच्या आईबापांना सगळ्यांनी तेच सांगितलेलं. हातात करवंटी येणार म्हणून. आली हातात. आता तीच विकून घरी पगार नेतात. एक वर्ष दे, मग बोल."

त्या वर्षी आमच्या आळीत तीस घरांनी वाण म्हणून पळी लुटली. पहिली मी. हे मी आजही छाती पुढे काढून सांगते, आणि लगेच मान खाली घालते, कारण त्याच दिवशीची दुसरी गोष्ट.

सकाळी तू पळ्या घेऊन आलीस. प्रत्येक पळीला तिळगुळाची पुडी तूच बांधलीस, ताटात मांडलीस, वर जाळीचा रुमाल घातलास. सतरंजी घालायला हात लावलास. हळदीकुंकवाचं पंचपाळं घासून दिलंस. मग पदराला हात पुसत दारात उभी राहिलीस आणि म्हणालीस, संध्याकाळी किती वाजता येऊ? अगदी साधं विचारलंस. तू त्या पळ्यांच्या आनंदात होतीस, तुझ्या ध्यानातच नव्हतं. मी म्हटलं, कुंदे, सासूबाई आहेत ना घरात, त्यांना चालणार नाही. तू एक क्षण माझ्याकडे पाहिलंस. मग म्हणालीस, हो गो, मी विसरलेच. आणि मागच्या दाराने गेलीस, पुढच्या दाराला मी रांगोळी घातली होती म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी तुझ्यासाठी एक पळी आणि तिळगूळ घेऊन आले. तिळगूळ तू तोंडात टाकलास. पळी हातात घेऊन हसलीस. हे मीच आणलं, मलाच देतेस होय, म्हणालीस आणि ती माझ्या पिशवीत परत ठेवलीस. त्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

पंधरा दिवसांनी दुसरंच उभं राहिलं. कोपऱ्यावरच्या काकू माझ्याकडे आल्या. त्यांच्याकडे मासळी चालत नाही. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलल्या आणि मग हळूच म्हणाल्या, वाण फार छान आहे गो, पण आमच्या वरणाला सुरमईचा वास येतो. मी हसू दाबलं. मग दुसरी आली, तिच्या खिरीला बांगडा. तेव्हा उलगडा झाला. घरोघरच्या करवंट्या तू गोळा करत होतीस त्या मासे संपल्यावर त्याच पाटीतून. खोबऱ्याचा अंश राहिलेल्या ओल्या करवंट्या दोन-दोन दिवस माशाच्या पाण्यात. कार्यशाळेत त्यांनी कितीही घासल्या तरी वास आत मुरलेला. त्यांना कुणालाच तो आला नाही, कारण आपल्याकडे नाकाला त्याची सवय. तुला तर जन्मापासूनची.

परत कुणी देणार नव्हतं. मिळालेलं वाण कोण परत करतं? बायका बिचाऱ्या वास सोसत होत्या, नाहीतर पळी माळ्यावर टाकत होत्या, पण तुझ्या तोंडावर बोलत नव्हत्या. मला वाटलं आपणही बोलू नये. पण माझ्या पोटात काही राहत नाही हे तुला ठाऊक. सांगून टाकलं. तू जमिनीवर बसलीस आणि कपाळावर हात मारून घेतलास. मला वाटलं आता सोडून देईल हा नाद.

दुसऱ्या दिवसापासून तू बाजार आटोपल्यावर आमसुलांची पिशवी आणि राख घेऊन आळीत फिरलीस. तीस घरं. वाण परत मागितलं नाहीस. मागच्या दारी बसायचीस, पळी मागायचीस, आमसुलाच्या गरम पाण्यात बुडवायचीस, राखेने घासायचीस, उन्हात ठेवायचीस, आणि वास गेला की खोबरेल लावून त्या बाईच्या हातात द्यायचीस. ज्या घरांनी पंधरा दिवसांपूर्वी तुला हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं, त्याच घरांच्या मागच्या दारी. काकूंच्या घरी तर दोनदा गेलीस. काकूंनी तिसऱ्या दिवशी वरण करून तुला बोलावून वाढलं, की बघ आता येतो का वास. तू तिखटजाळ खाणारी, ते फिक्कं वरण दोनदा मागून घेतलंस. त्यानंतर करवंट्यांसाठी तू वेगळी पाटी केलीस आणि ती कधी बाजारात नेली नाहीस.

कुंदे, मी खूप मोठमोठ्या लोकांचे ब्लाउज शिवले. अध्यक्षीणबाई, डॉक्टरीणबाई, सगळ्यांचे. पण आपल्या हातून चूक झाली म्हणून तीस दारं फिरून पळ्या घासणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. ती माझी मैत्रीण होती हे मी आता कुणालाही सांगते, त्यांनी विचारलं नसलं तरी.

आपलं एक भांडण अर्धंच राहिलं. मुंबईचा तो गृहस्थ, मूळचा आपल्याकडच्याच आतल्या गावचा, देवीला आला होता. कार्यशाळा बघून त्याचे डोळे भरून आले. म्हणाला, संक्रांतीच्या सगळ्या पळ्या मी घेतो, दर वर्षी, फक्त दांड्यावर माझ्या आईचं नाव कोरा. नलिनीबाईंना पटलं होतं. तू आडवी गेलीस. त्याने घेतल्या की आमच्या बायका घ्यायच्या थांबतील, म्हणतील आता ह्यांचं भागलं, आणि ज्या वर्षी तो विसरेल त्या वर्षी आम्ही पुन्हा कुणाच्या दारात उभं राहायचं? असं तू म्हणालीस. मी तुला अडाणी म्हटलं. आठ दिवस आपण बोललो नाही. त्याने शेवटी थोड्याशा नेल्या, बिननावाच्या, आणि पुन्हा आला नाही. तू जिंकल्याचं तोंड केलंस. पण मला अजूनही वाटतं, कुंदे, दोन वर्षं तरी घ्यायला हवे होते. त्या कोंदट वखारीत वंदूला तेव्हाच एक पंखा मिळाला असता. ह्याचं उत्तर तू द्यायचं राहिलंच आहे.

वंदू म्हणजे तुझी लाडकी, पॉलिशला बसते ती. ऐकू येत नाही, बोलता येत नाही, पण पळी गुळगुळीत झाली की नाही हे ती गालावर फिरवून बघते. तू तिथे गेलीस की ती पळी तुझ्याही गालावर फिरवायची आणि तू मान हलवलीस की मगच टोपलीत टाकायची. तू पास केल्याशिवाय पळी पास नाही. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला तुझा हेवा वाटला होता, आज सांगते.

आता ते सांगते, जे बारा वर्षं तोंडातून निघालं नाही. सासूबाई मला कधीच काही म्हणाल्या नव्हत्या. त्यांना विचारलंच नव्हतं मी. तुझ्यासाठी खिडकीत करवंट्या ठेवणारी बाई ती, तिने कदाचित तुला हाताला धरून आत बसवलं असतं. घाबरले होते मी. बायका काय म्हणतील, कुणी कुंकू न घेता उठून गेली तर, आणि खरं सांगू, आमच्या ह्यांचं काही बरंवाईट झालं तर. दहावी शिकलेली मी, आणि हे माझ्या मनात. सासूबाईंचं नाव पुढे केलं आणि सुटले. पुढे त्याही गेल्या. त्यालाही सहा वर्षं झाली. सहा संक्रांती तू पळ्या घेऊन आलीस, ताट मांडलंस आणि चार वाजायच्या आत स्वतःहून निघून गेलीस, आणि माझ्याकडे तेव्हा नाव पुढे करायलाही कुणी नव्हतं. तुला हे कळलं नसेल असं मी स्वतःला सांगत आले. तुला कळलं नाही असं काही होतं का ग आळीत?

शेवटचं भेटलीस तेव्हा काय बोललो आपण? बोंबील महाग झाले म्हणून कुरकुर. छातीत जरा जड वाटतंय म्हणालीस, मी म्हटलं डॉक्टरला दाखव, तू म्हणालीस संक्रांत होऊ दे. तीन दिवसांनी महेशचा फोन.

तू गेल्यावर तुझ्या घरी जे झालं ते तू पाहायला हवं होतंस. लोक भेटायला येत होते. पहिल्या काकू आल्या. काकूंचे यजमान जाऊन दोन वर्षं झाली, त्या कुठे फारशा जात नाहीत, पण काठी टेकत आल्या. तुझ्या फोटोसमोर हात जोडले आणि पिशवीतून एक करवंटी काढून पायरीवर ठेवली. बिनडोळ्यांची. त्यांच्या मागे आणखी एक. मग जी येईल तिच्या हातात करवंटी. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. तुझ्याकडे यायचं म्हणजे करवंटी घेऊन यायचं, हे पायांनाच माहीत झालेलं. संध्याकाळपर्यंत पायरीवर ढीग. महेश जयगडहून, बंदरावरच्या ड्युटीवरून तसाच धावत आलेला, तो गोंधळून गेला. मला बाजूला घेऊन म्हणाला, मावशी, हे काय करतात लोक? आई गेलीय आणि करवंट्या का आणतात? मी त्याला म्हटलं, तुझ्या आईने बारा वर्षं हेच मागितलं, बाबा, त्यांच्याजवळ द्यायला हेच आहे. तो त्या ढिगाजवळ बसला आणि मग रडला. तोवर रडला नव्हता.

त्या करवंट्या तुझ्या स्वच्छ पाटीतून मीच भाट्याला नेल्या. रिक्षाने नेल्या, डोक्यावरून नाही, माझी मान तुझ्यासारखी नाही. नलिनीबाईंनी वंदूला आधीच सांगितलं होतं, त्यांच्या खुणांनी. वंदू माझ्याकडे आली आणि हातातली पळी माझ्या गालावर फिरवली. मला गुळगुळीत की खरखरीत काही कळलं नाही, डोळ्यांना धारा लागल्या होत्या. मी मान हलवली. तिने मान हलवली नाही. पळी परत नेली आणि आणखी घासत बसली. माझ्या परीक्षेवर तिचा विश्वास बसायला वेळ लागेल.

ह्या वर्षीच्या पळ्या तयार होत्या आणि घरोघर सांगायला तू नव्हतीस. मला वाटलं, बायका आता गाळण्यांकडे वळणार. मी वही-पेन्सिल न घेता नुसती आळीतून चालत गेले. दर दारात एकच उत्तर, पळ्या ना, आमच्या ठेव. खालच्या आळीने निरोप पाठवला, मग बाजारातल्या बायकांनी. एक पळी शिल्लक राहिली नाही, कुंदे. मुंबईचा कोणी आला नाही आणि कोणाचं नाव दांड्यावर नाही.

मग माझ्या हळदीकुंकवाचा दिवस ठरला आणि मी बोलावणं करायला निघाले. ह्या वेळी सगळ्यांना. आमच्या ह्यांना आधी सांगितलं, विधवांनाही बोलावते आहे. ते पेपर वाचत होते. म्हणाले, बोलाव की, मी ठणठणीत आहे, शुगर सोडली तर. एवढंच होतं ते, आणि मी बारा वर्षं घालवली. दोघीतिघींनी कुजबूज केली, असं कसं चालेल. मी सांगितलं, ज्यांना चालत नाही त्यांनी घरी बसून सिरीयल बघावी, पळी मी पोचवीन. तू असतीस तर म्हणाली असतीस, जरा गोड बोल. मला नाही जमत.

नलिनीबाई, त्याही विधवा, हो म्हणाल्या. काकू हो म्हणाल्या. सुंदरामावशीला बोलवायला मी बाजारात गेले. तुझी जागा रिकामी आहे, तिने तिथे कुणाला बसू दिलेलं नाही. ती पापलेट साफ करत होती. मी म्हटलं, मावशी, शुक्रवारी चार वाजता हळदीकुंकवाला या. तिने सुरी थांबवली नाही. "वाण घेऊन यायचं हाय काय?" तिला वाटलं, आता तुझ्या जागी पळ्या पोचवायला मी तिला सांगते आहे. मी म्हटलं, नाही, घ्यायला यायचं. तेव्हा तिने मान वर केली, आणि पुन्हा खाली घातली. येते म्हणाली नाही, येत नाही म्हणाली नाही.

काल घर भरलं. कुजबुजणाऱ्यासुद्धा आल्या, मेल्या. काकूंना मी सगळ्यांत आधी कुंकू लावलं, त्यांनी डोळे मिटून घेतले. नलिनीबाईंना लावलं. कुणी उठून गेलं नाही, छत कोसळलं नाही. साडेपाच झाले, मावशी नाही. मी पंचपाळं झाकायला घेतलं तेवढ्यात दारात ती. आंघोळ करून, इस्त्रीचं लुगडं नेसून, केसांना तेल. आत येईना, उंबऱ्याशीच बसली. मी तिच्यासमोर जाऊन बसले आणि बोटावर कुंकू घेतलं. तिने माझं मनगट धरलं. घट्ट धरलं, मासे कापणारा हात तो.

"कुंदाला लावलंस कधी?"

सासूबाईंचं नाव माझ्या ओठापर्यंत आलं होतं, सवयीने.

"नाही," मी म्हटलं. "मीच बोलावलं नाही."

तिने मनगट सोडलं आणि कपाळ पुढे केलं.

"मग तिचं पण माझ्याच कपाळाला लाव."

मी दोनदा लावलं, कुंदे.